घरकुलाच्या अनुदानात राज्याचा वाटा किती, जबाबदारी किती?

लातूर जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेलगत वसलेले देवणी हे गाव तेथील काळ्या-पांढऱ्या देखण्या गोवंशामुळे देशभर ओळखले जाते. पूर्वी उदगीर तालुक्यात असलेल्या देवणीला १९९९ मध्ये स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळाला. पुढे तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती स्थापन करण्याच्या राज्याच्या धोरणानुसार तेथील ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. या बदलाचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नगरपंचायतीच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला अडीच लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. हद्द ओलांडून शेजारच्या गावात गेले की मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपयांवर येते. सिमेंट, वाळू, सळई आणि गवंड्याची मजुरी मात्र हद्द पाहून बदलत नाही.

घरकुल योजनांची नावे बहुतेक केंद्र सरकारशी जोडलेली असल्याने त्यांचा पैसाही केंद्राचाच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक घरकुलात राज्याचा पैसा असतो, काही योजनांत तर तो संपूर्णपणे राज्याचाच असतो. शिवाय घर जेथे उभे राहायचे ती जागा देणे वा नियमित करणे हे केवळ राज्याच्याच हातात आहे. त्यामुळे घरकुल पूर्ण होणार की जोत्यावरच थांबणार, याचा निर्णय पुष्कळदा दिल्लीपेक्षा मुंबईत होत असतो.

राज्यघटनेतील स्थान

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'गृहनिर्माण' असा स्वतंत्र विषय नाही. तथापि जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे दोन्ही विषय राज्य सूचीत आहेत. साहजिकच गृहनिर्माण ही प्रामुख्याने राज्याची जबाबदारी ठरते. केंद्र सरकार त्यात पुरस्कृत योजनांच्या वाटेने प्रवेश करते आणि निधीबरोबर आपले निकषही पाठवते. निवाऱ्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र हा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी किती पैसा खर्च करावा, हे दरवर्षीच्या अर्थसंकल्पातच ठरते.

गृहनिर्माण मंडळ ते म्हाडा

महाराष्ट्रात सरकारी गृहनिर्माणाची सुरुवात १९४८ च्या मुंबई गृहनिर्माण मंडळ कायद्याने झाली. त्या वर्षी १७ सप्टेंबरला मुक्त झालेला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिला. परिणामी मुंबईतील गिरणी कामगार व औद्योगिक वसाहतींसाठी आखलेल्या पहिल्या योजनांशी या विभागाचा संबंध आला नाही. १९७६ च्या कायद्यानुसार वेगवेगळी मंडळे एकत्र करून १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, अर्थात म्हाडा, अस्तित्वात आले. मराठवाड्यासाठी त्याचे मंडळ औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे आहे.

म्हाडाची कार्यपद्धती जमीन घेणे, इमारती वा भूखंड विकसित करणे आणि ते विकून पैसा पुन्हा फिरविणे अशी आहे. जमिनीला भाव असलेल्या शहरात ही पद्धत चालते. देवणीसारख्या ठिकाणी जमीन विकून घरांचा खर्च भरून निघत नाही आणि शेतमजुराला मासिक हप्ता परवडत नाही. म्हणून मराठवाड्याच्या ग्रामीण भागात राज्याची भूमिका विकासकाची नव्हे, तर अनुदान देणाऱ्याची राहिली. या भूमिकेची सर्वांत मोठी परीक्षा १९९३ मध्ये झाली.

किल्लारीनंतरची घरे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. औसा तालुक्यातील किल्लारी हे नाव त्या रात्रीने जगभर पोचले. मृत्यूचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी या भागातील पारंपरिक घराची रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या कुटुंबांवर कोसळले.

त्यानंतर राज्य सरकारने हाती घेतलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमास जागतिक बँकेने २४.६ कोटी डॉलरचे कर्ज दिले. कार्यक्रमाचे तीन भाग होते. पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करून सुमारे २८ हजार घरे बांधण्यात आली. यांत अनेक स्वयंसेवी संस्था व देणगीदारांनी गावे दत्तक घेतली. दुसऱ्या गटातील गावांत जुन्या जागीच पुनर्बांधणीसाठी ६२ हजार रुपये देण्यात आले. तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या गटात, लातूर-उस्मानाबादसह १३ जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण व्हायचे होते. त्यासाठी नुकसानीनुसार १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने देण्यात आले.

या कार्यक्रमाने राज्याच्या गृहनिर्माणाला दोन धडे दिले. पहिला धडा समतेचा आहे. पुनर्वसित गावांत भूमिहीनांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट घर देण्यात आले. म्हणजे गावातील जमिनीची विषमता घराच्या आकारातही उतरली. शिवाय नव्या गावांची आखणी शहरी वसाहतीसारखी सरळ रस्त्यांची होती. गोठा, कडबा, औजारे यांना तेथे पुरेशी जागा नव्हती आणि ज्या भागात बैलजोडी हेच भांडवल, त्या भागात ही उणीव मोठी होती.

दुसरा धडा कार्यपद्धतीचा. मजबुतीकरणाच्या भागात पैसा आणि बांधकामाचा निर्णय दोन्ही घरमालकाच्या हाती होते. अभियंते मार्गदर्शन करीत आणि टप्पा पूर्ण झाल्यावर पुढचा हप्ता मिळे. लोकांना माहिती देण्यासाठी गावातील महिलांची 'संवाद सहायक' म्हणून नेमणूक करण्यात आली होती. मालकाने स्वतः घर बांधायचे आणि शासनाने टप्प्याने पैसे द्यायचे ही पद्धत आजच्या सर्व ग्रामीण घरकुल योजनांचा पाया आहे.

इंदिरा आवास ते प्रधानमंत्री आवास

ग्रामीण भागातील नेहमीच्या घरकुलांसाठी १९८५-८६ पासून इंदिरा आवास योजना होती. १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. त्या वेळी सपाट प्रदेशातील घराला २० हजार रुपये मिळत. ही रक्कम २००४ मध्ये २५ हजार, २००८ मध्ये ३५ हजार, २०१० मध्ये ४५ हजार आणि २०१३ मध्ये ७० हजार झाली. १९९९ पासून खर्चाची विभागणी केंद्र ७५ टक्के व राज्य २५ टक्के अशी होती. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना - ग्रामीण हिने घेतली. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, अनुदान १ लाख २० हजार रुपये आणि विभागणी ६० : ४० अशी झाली.

या टक्केवारीचा अर्थ रुपयांत पाहिला म्हणजे बदल स्पष्ट होतो. ७० हजारांच्या घरात केंद्राच्या निकषानुसार राज्याचा किमान वाटा १७ हजार ५०० रुपये होता. १ लाख २० हजारांच्या घरात तो ४८ हजार रुपये झाला. केंद्राचा वाटा ५२ हजार ५०० वरून ७२ हजारांवर गेला, म्हणजे दीडपटीहून कमी वाढला. राज्याचा मात्र पावणेतीन पट झाला.

दुसरी बाजू लाभार्थ्याची. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. १ लाख २० हजार रुपयांना त्याने भागले की चौरस फुटाला ४४६ रुपये येतात. या पैशांत पाया, भिंती, छत, दारे-खिडक्या असे सारे व्हायचे. घराच्या अकुशल कामासाठी रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी जोडण्यात आली; २०२५-२६ मधील राज्याच्या ३१२ रुपये दराने ती २८ हजार ८० रुपये होते. शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२ हजार रुपयांची सोय होती. हे सारे मिळूनही उरलेला खर्च कुटुंबालाच उभा करावा लागतो. २०१६ मध्ये ठरलेली १ लाख २० हजारांची रक्कम त्यानंतर साहित्याचे व मजुरीचे दर चढत गेले तरी बदलली नाही.

ही तूट काही अंशी भरून काढण्याचा निर्णय अखेर राज्याने घेतला. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील लाभार्थ्यांना ५० हजार रुपये अधिक देण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरील सौरऊर्जा संचासाठी आहेत. त्यामुळे बांधकामाचे अनुदान १ लाख ५५ हजारांवर, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ५७६ रुपयांवर गेले. केंद्राने रक्कम वाढवली नाही तरी राज्य ती वाढवू शकते, हे या निर्णयाने दाखवून दिले.

संपूर्ण राज्याच्या पैशांतील योजना

केंद्राच्या यादीत नाव नसलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राने समाजघटकनिहाय योजना आखल्या. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी २००८ पासून रमाई आवास योजना, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २०११ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना, आदिवासींसाठी २०१३ पासून शबरी आवास योजना राबविण्यात येत आहे. इतर मागास वर्गासाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात मोदी आवास घरकुल योजना जाहीर झाली. तीन वर्षांत १० लाख घरे आणि १२ हजार कोटी रुपये असे तिचे उद्दिष्ट होते. नोंदीत बांधकाम मजुरांसाठी अटल बांधकाम कामगार आवास योजना आहे. या योजनांत केंद्राचा ६० टक्के वाटा नसतो. म्हणजे एकाच गल्लीतील दोन सारख्या घरांपैकी एकात राज्याचे मूळ योगदान ४८ हजार रुपये, तर दुसऱ्यात ते १ लाख २० हजार रुपये असू शकते.

दारिद्र्यरेषेच्या थोडे वर असलेल्यांसाठी राजीव गांधी ग्रामीण निवारा योजना क्रमांक २ हा वेगळा प्रयोग झाला. लाभार्थ्याने १० हजार घालायचे, बँकेने ९० हजार कर्ज द्यायचे आणि व्याजाचा भार शासनाने उचलायचा, अशी तिची रचना होती. नियमित उत्पन्न असलेल्यास असे कर्ज सोयीचे असते. पावसावरच्या शेतीत राबणाऱ्या किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला दरमहा हप्ता भरणे अवघड जाते. म्हणूनच ग्रामीण गृहनिर्माणात कर्जापेक्षा अनुदानाचीच वाट अधिक चालली.

प्रश्न जागेचा

अनुदान मंजूर होऊनही घर उभे न राहण्याचे एक मोठे कारण जागा हे आहे. घरकुलासाठी स्वतःच्या नावावर जागा लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. भूमिहीन कुटुंब एक तर भावकीच्या जागेत राहते किंवा गायरानावर. या कुटुंबांसाठी राज्याने २०१५ मध्ये पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना सुरू केली. तीत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यास ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळे. पुढे ही मर्यादा एक लाखापर्यंत वाढविण्यात आली.

दुसरा मार्ग अतिक्रमण नियमित करण्याचा. शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे 'सर्वांसाठी घरे' या धोरणाखाली नियमित करण्याचे आदेश राज्याने २०१८ मध्ये काढले. मात्र गायरानाचा पेच त्यात सुटत नाही. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात बजावले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही राज्यातील गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. गोधनावर जगणाऱ्या तालुक्यात गायरान राखणे जितके आवश्यक, तितकेच त्यावर अनेक वर्षे राहणाऱ्यांना पर्यायी जागा देणे आवश्यक आहे. ही जागा केंद्राची कोणतीही योजना देत नाही. ती गावठाण वाढवून, शासकीय जमीन देऊन किंवा खरेदीला पैसे देऊन राज्यालाच उपलब्ध करावी लागते.

हद्दीच्या आतील देवणी

नगरपंचायत झाल्यावर देवणी शहरी घरकुलांच्या कक्षेत आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना - शहरी हिच्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून एक लाख रुपये अशी व्यवस्था होती. २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या आवृत्तीतही हेच प्रमाण राहिले. राज्यात या योजनेचे सूत्रसंचालन म्हाडाकडे आहे. तीस चौरस मीटरच्या घराचा हिशेब केला तर अडीच लाखांनुसार चौरस फुटाला सुमारे ७७४ रुपये पडतात.

अर्थात शहरी योजनेत कागदपत्रेही शहरी लागतात. मालकीचा पुरावा आणि मंजूर नकाशा हवा. कालपर्यंत ग्रामपंचायत असलेल्या गावातील वाटणी न झालेल्या जुन्या घरांच्या जागांवर हे दोन्ही मिळवणे सोपे नसते. त्यामुळे मोठे अनुदान जवळ येऊनही हाती लागत नाही, असे अनेक छोट्या नगरपंचायतींच्या बाबतीत घडू शकते.

समूहाने घरे बांधण्याचे राज्यातील ठळक उदाहरण शेजारच्या सोलापूरचे आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे वितरण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. केंद्र, राज्य आणि कामगार असे तिघांचे पैसे एकत्र आले आणि मागे संघटित पाठपुरावा असला म्हणजे काय होऊ शकते, हे या प्रकल्पांतून दिसते. विखुरलेल्या शेतमजुरांच्या पाठीशी अशी संघटना सहसा नसते. त्यांना ग्रामपंचायत आणि पंचायत समितीवरच विसंबावे लागते.

हप्ता आणि पाऊस

ग्रामीण घरकुलाचे पैसे चार हप्त्यांत थेट बँक खात्यात जमा होतात. मंजुरीनंतर १५ हजारांचा पहिला हप्ता मिळतो. पुढे जोते, मग लिंटेल अशा प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र व स्थळनोंद झाल्यावर पुढची रक्कम सुटते. केंद्राचा निधी आल्यावर राज्याने आपला वाटा मुदतीत घालावा, अशी अपेक्षा आहे. येथे झालेला उशीर सरकारी ताळेबंदात किरकोळ दिसतो, पण घरमालकाला तो महागात पडतो. बहुतेकांकडे दुसरी जागा नसल्याने जुने घर पाडूनच नवे बांधावे लागते. तोवर कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये राहते. हप्ता अडला आणि मृगाचा पाऊस आला की काम थांबते, दुकानदाराची उधारी वाढते आणि प्रसंगी सावकाराचे दार गाठावे लागते. साहित्याचा भारही असतोच. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात आहे. ती वेळेवर मिळाली तर रोख रकमेइतकाच आधार होतो.

शेजारची राज्ये आणि पैशांचा उगम

अनुदानाची रक्कम हा राज्याच्या इच्छाशक्तीचा भाग आहे, याचे पुरावे दूर शोधावे लागत नाहीत. केरळच्या 'लाइफ' अभियानात घराला चार लाख रुपये दिले जातात. तेलंगणाने मार्च २०२४ मध्ये सुरू केलेल्या इंदिरम्मा योजनेत पाच लाखांचे साहाय्य ठेवले. देवणीला लागून असलेल्या कर्नाटकात घरकुलांसाठी राजीव गांधी ग्रामीण वसती निगम हे स्वतंत्र महामंडळ आहे. अर्थात रक्कम मोठी ठेवली की त्याच निधीत घरांची संख्या घटते. थोड्यांना पुरेसे की पुष्कळांना अपुरे, हा निर्णय प्रत्येक राज्याला घ्यावा लागतो.

पैशांच्या कायम स्रोताबाबत महाराष्ट्राचाच जुना दाखला आहे. रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरांतील नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा तो पैसा दुष्काळी भागातील मजुरांच्या कामासाठी होता. बांधकाम मजुरांच्या घरांना बांधकाम उपकराचा आधार आहे. सर्वसाधारण ग्रामीण घरकुलाला मात्र असा राखीव स्रोत नाही. ते दरवर्षीच्या तरतुदीवर अवलंबून राहते. २००७ नंतर तब्बल १८ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य आणि २० हजार कोटींच्या महाआवास निधीची कल्पना मांडण्यात आली. या निधीतील किती पैसा देवणीसारख्या छोट्या गावांपर्यंत पोचतो, यावर त्या धोरणाचे मोल ठरेल.

२०२५ च्या पावसाळ्यात लातूरसह मराठवाड्याला महापुराने झोडपले आणि राज्याला ३१ हजार ६२८ कोटींची मदत जाहीर करावी लागली. पडलेल्या घराचा प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर आला. १९९३ मध्ये भूमिहीनाच्या वाट्याला २५० चौरस फुटांचे घर आले होते; आजच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २६९ चौरस फूट आहे. तीन दशकांत घर १९ चौरस फुटांनी वाढले. यापुढे ते किती वाढेल, कोणत्या जागेवर उभे राहील आणि पावसाआधी त्यावर स्लॅब पडेल की नाही, याची उत्तरे मुख्यतः राज्याच्या अर्थसंकल्पात आणि महसूल खात्याच्या दप्तरात शोधावी लागतील.